भिकनच्या डाव्या हाताचे केस

दगडाबाईचा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा. नक्की साल तिच्या आईलाही सांगता यायचं नाही. "रझाकार गेले, मंग दोन पावसाळे झाले, मंग ही झाली," एवढंच ती सांगायची. आधीची दोन लेकरं दगावली होती म्हणून हिचं नाव दगडा ठेवलं. दगडाला कोण दृष्ट लावणार?

तिचा बाप केरबा पिशोरच्या बाजूला मेंढरं राखायचा. लग्न झालं ते भिकनशी, तोही मेंढरं राखणाऱ्याच घरातला. पण भिकनला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर काम लागलं, आणि नवराबायको दोन लेकरं घेऊन मुकुंदवाडीत दोन खोल्यांत राहायला आली. त्यांच्या भिंतीला भिंत लागून माझी खोली. मी तेव्हा बालवाडीत शिकवायचे, दुपारी बारालाच मोकळी व्हायचे. म्हणून हे सगळं मला सांगता येतं. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ते दगडाबाईनं मला नंतर पोट धरधरून हसत सांगितलंय.

भिकन माणूस सरळ होता. दारू नाही, पत्ते नाहीत. खोड एकच, त्याला सगळं येत होतं. स्टोव्ह बिघडला की तो उघडायचा, आणि दगडाबाई मग आठ दिवस माझ्याकडं चहा करायची. रेडिओ त्यानं एकदा दुरुस्त केला, तेव्हापासून त्याच्यावर फक्त खरखर लागायची. तीही एकाच स्टेशनला. विळीचं पातं त्यानं ठोकून 'सरळ' केलं होतं, त्यामुळं दुधी उभा धरला तरी तिरपाच कापला जायचा. शेवटी दगडाबाईनं विळी फळीवर टाकली आणि चाकू धरला. मग भिकनचं लक्ष चाकूकडं गेलं.

त्या रविवारी पिशोरहून दगडाबाईचा भाऊ आला होता. पांढराशुभ्र सदरा घालून ओसरीवर बसलेला. दगडाबाई कोशिंबिरीला टमाटे चिरत होती, मी शेजारी कोथिंबीर निवडत होते. तिनं चाकू टमाट्यावर ठेवला, दाबला, आणखी दाबला, आणि टमाटा फचकन फुटून त्याचं पाणी थेट भावाच्या सदऱ्यावर.

"टमाटेच पाणचट हायेत," भिकन म्हणाला.

"टमाट्याला कामून बोल लावता? चाकूला धार नाय."

"परवाच तर लावली म्या. कानशीनं."

"धार नाय लावली तुमी. दातरं पाडले. ह्या चाकूनं आता लाकडं कापावीत."

भाऊ फिसकन हसला. मीही हसले, पण कोथिंबिरीत तोंड घालून. भिकनला ते लागलं. तो उठून उभा राहिला.

"माझा बाप दिवसाला चाळीस मेंढरं कातरायचा. एकीच्या अंगावर रगत दिसायचं नाय. धार आमच्या घरात पिढ्यानपिढ्या हाये. अन् एक सांगतो, धार हे बाप्याचं काम. बाईच्या हातानं पात्याला धार बसत नाय. इचार कुणालाबी."

दगडाबाईनं फुटलेला टमाटा मुकाट्यानं ताटात गोळा केला. भिकनला वाटलं, विषय संपला. लग्नाला बारा वर्षं झाली तरी, बायको गप्प बसली की घाबरायला पाहिजे, हे त्याला कळलं नव्हतं.

आमच्या गल्लीत महिन्यातून दोनदा चांदपाशा यायचा. सायकल स्टँडवर लावायची, पायडल मारलं की पुढचं दगडी चाक गरगर फिरायचं, आणि त्याच्यावर तो चाकूकात्र्यांना धार लावायचा. म्हातारा झाला होता, गुडघे कुरकुरायचे. त्या आठवड्यात तो आला तो सांगायलाच, की पुढच्या महिन्यापासून फेरी बंद. दगडाबाईनं त्याला पायरीवर बसवलं, चहा दिला आणि भिकननं कानस मारलेला चाकू पुढं केला. चांदपाशानं तो उलटसुलट पाहिला, धारेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ये कौन से दुश्मन ने किया बाई?"

"घरवाल्यानं."

"हौ. वोइच." त्यानं मान हलवली. "देखो बाई, मेरा चक्का धार नै लगाता, लोहा खाता. इत्ते साल मैं बोल्या नै, मेरा पेट था. अब बोलतऊं. घर में पत्थर पे लगाना सीखो."

"मेरेकू जमेगा?"

"हाथ का काम कम है, सबर का जास्ती."

त्यानं पिशवीतून एक तुटका दगड काढला. अर्धी वीट असावी एवढा, एक बाजू खरबरीत, दुसरी गुळगुळीत. पाणी शिंपडून त्यानं तिला दाखवलं. चाकू दगडावर आडवा टेकवायचा, मग पाठीकडची बाजू एवढीच उचलायची, की खाली करंगळीचं टोक जाईल. जोर द्यायचा नाही. सायीचा पापुद्रा काढतो तशी धार पुढं न्यायची, मुठीपासून टोकापर्यंत. एक बाजू घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक काटा लागतो, न दिसणारा, पण लागतो. तो लागला की बाजू पलटायची. मग दगडाची मऊ बाजू. आणि शेवटी चामडं. न्हावी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवतो ना, तसं. त्यानं तो उरलेला काटा जातो आणि धार झळकते.

"एक बात भूलना नक्को," चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला. "पत्थर पे चाकू आगे कू. चमडे पे पीछे कू. उल्टा करे तो चमडा गया."

दगड त्यानं तिला देऊन टाकला आणि लंगडत सायकल ढकलत निघून गेला.

भिकनची तेव्हा रात्रपाळी होती. सकाळी यायचा, जेवायचा, आणि दुपारभर आतल्या खोलीत घोरायचा. त्याचं घोरणं म्हणजे चढावर ट्रक. दगडाबाईनं तेच कामाला लावलं. त्यानं श्वास आत घेतला की हिनं चाकू पुढं न्यायचा, त्यानं सोडला की मागं आणायचा. तो थांबला की हीही थांबायची, हातात चाकू तसाच अधांतरी धरून. एकदा त्यानं झोपेतूनच विचारलं, "काय घासायली गं?"

"तवा," ती म्हणाली.

"रोज तवा?"

"रोज भाकरी खाता ना?"

तो पुन्हा झोपला.

पहिल्या आठवड्यात चाकूची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. आधी निदान दाते तरी होते. आता तो वांग्यावरूनही घसरायचा. स्वतःचा चाकू संपला तेव्हा तिनं माझा मागितला. मी दिला, मोठ्या मनानं, आणि पुढचे दहा दिवस हातानं तोडता येईल अशीच भाजी आणली. मी म्हटलं, "दगडाबाई, राहू दे. नसेल जमत."

"जमत कसं नाय? दगड हाये का माणूस?" ती म्हणाली, आणि स्वतःच्याच नावावर हसली.

चूक कुठं होते ते शेवटी तिनंच शोधलं. सकाळी धाकटीच्या डोळ्यांत काजळ घालता घालता ती थांबली, लेकराला एकच डोळा काजळाचा ठेवून उठली, आणि काजळाचं बोट चाकूच्या धारेवर ओढलं. मग दगडावर दोन हात मारून पाहिलं. वरचं काजळ पुसलं गेलं होतं, अगदी कडेचं मात्र तसंच काळंभोर.

"बाई, पळत या!" तिनं मला हाक मारली. "म्या इतके दिस धारेला हातच लावला नाय! नुसतं पोटच घासायली!"

मग तिनं पाठ थोडी जास्त उचलली. चार दिवसांत तिच्या बोटाला तो बारीक काटा लागला. माझं बोट ओढून तिनं मलाही दाखवला. मला काही लागलं नाही, पण मी हो म्हटलं.

आता चामडं पाहिजे होतं. घरात चामड्याची वस्तू एकच, भिकनचा पट्टा. गुलमंडीवरून घेतलेला, रुंद, पितळी बक्कलाचा. पँट घातली की भिकन आधी पट्ट्याकडं बघायचा, मग आरशाकडं. तो झोपला की दगडाबाई पट्टा खिडकीच्या गजाला अडकवायची, ताणून धरायची आणि आतल्या खरबरीत बाजूवर चाकू फिरवायची. नुसत्या चामड्यानं मनासारखं होईना, म्हणून तिनं त्याच्यावर भिकनची दात घासायची पांढरी पावडर चोळली. त्यानं मात्र चमत्कार झाला. पातं असं चमकायला लागलं, की त्यात स्वतःचं कुंकू दिसावं.

भिकन तक्रार करायला लागला, "पावडर लई लवकर सरायली. लेकरं खातेत का काय?"

आणि एक दिवस, माझ्याशी बोलण्याच्या नादात, तिचा हात चुकला. चाकू पुढं गेला. आवाजसुद्धा झाला नाही. पट्ट्यात अर्ध्यापर्यंत सरळ चीर. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मग दगडाबाईनं काय म्हणावं? "बाई, बघा तरी, कसा लोण्यावाणी कापला!"

काळ्या दोऱ्यानं तिनं तो आतून शिवला. वरून काही दिसत नव्हतं.

धार बसली, पण किती बसली हे कसं कळणार? कांदा, टमाटा सगळं झालं. तिला आठवलं, मेंढरं कातरायच्या आधी तिचा बाप केरबा कातरीची धार मनगटावरचे केस काढून बघायचा. तिच्या स्वतःच्या हातावर लव तेवढी होती. माझ्याही. आतल्या खोलीत मात्र भिकन उजव्या कुशीवर झोपला होता, डावा हात वर, आणि त्या हातावर जंगल.

तिनं पाणी नाही लावलं, साबण नाही लावला. चाकू अलगद टेकवला आणि बोटभर ओढला. केस पात्यावर गोळा झाले. भिकननं नाक खाजवलं आणि घोरत राहिला. दाराच्या फटीतून बघत होते मी. पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले.

तेवढ्यावर तिनं थांबायला हवं होतं. मी तसं म्हटलंही. पण तिला नाद लागला. दर दोन दिवसांनी चाकू घासायचा, पट्ट्यावर फिरवायचा आणि भिकनच्या हातावर बघायचा. आधी बोराएवढं टक्कल होतं, मग लिंबाएवढं झालं, मग शेजारी दुसरं.

भिकनच्या ते लक्षात आलं तेव्हा तो ओसरीत उजेडाला हात धरून उभा होता. "दगडे, हे बघ काय झालं. चाई लागली मला."

"अगंबाई," ती म्हणाली.

कुणीतरी त्याला सांगितलं, चाईला कांद्याचा रस चोळावा. मग दगडाबाई रोज कांदा चिरायची. त्याच चाकूनं, इतका बारीक की रस आपोआप सुटायचा, आणि भिकनच्या हाताला प्रेमानं चोळायची. आठपंधरा दिवसांत तिथं काळी खुंटं दिसू लागली. भिकन खूश झाला. त्याहून जास्त दगडाबाई खूश झाली, कारण तिला पुन्हा जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी टक्कल परत.

इथवर सगळा घरातला मामला होता. पण भिकनला सगळं कळत असल्यामुळं त्याला चाईचं कारणही कळलं. मशीनवर लोखंड कापताना त्याच्यावर सतत एक दुधासारखं पांढरं पाणी पडतं, कूलंट म्हणतात त्याला. ते हातावर उडतं. हे त्यानं सांडूला सांगितलं. सांडू हा त्याच्याच खात्यातला, युनियनचा पुढारी. बोलायला उभा राहिला की जेवणाची सुट्टी संपायची. सांडूनं भिकनचा हात सगळ्या खात्याला दाखवला.

"बघा रे! आज भिकनच्या हाताचे केस गेले. उद्या तुमच्या डोक्याचे जातील!"

सांडूच्या स्वतःच्या डोक्यावर बऱ्याच वर्षांपासून काही नव्हतं. पण आता त्यालाही आठवलं, की कारखान्यात लागला तेव्हा त्याचे केस कानावर यायचे. पोरं घाबरली. जो तो आपापले हात तपासायला लागला, आणि तपासायला लागल्यावर प्रत्येकालाच कुठं ना कुठं केस कमी सापडले. एकाला तर तळहातावर एकही नव्हता. शनिवारी रात्रपाळीनं मशीनला हात लावला नाही. पाणी बदला, नाहीतर काम बंद. व्यवस्थापनानं सांगितलं, सोमवारी डॉक्टर बोलावतो.

भिकन घरी येऊन हे छाती फुगवून सांगत होता. "माझ्या हातापायी सबंध खातं उभं राहिलं, दगडे! सांडू म्हणला, भिकन, तुझं नाव निघंल."

दगडाबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

त्या दिवसापासून तिनं चाकूला हात लावला नाही. पण दोन दिवसांत केस थोडेच उगवतात?

सोमवारी दिवसा सगळ्यांना डॉक्टरपुढं बोलावलं होतं. संध्याकाळी भिकन परत आला तो मान खाली घालून. डॉक्टरांनी भिंग लावून त्याचा हात पाहिला होता. मग बाकीच्यांचे पाहिले. मग पुन्हा त्याचा. आणि मॅनेजरसमोर म्हणाले, "हे केस गळालेले नाहीत. कापलेत, एकदम मुळाशी. वस्तऱ्यानं. आणि एकाच हाताचे." मॅनेजर म्हणाले, म्हणजे हा माणूस स्वतःच हात भादरून येतो आणि कारखाना बंद पाडतो. उद्या लेखी जबाब द्यायचा, नाहीतर घरी बसायचं. सांडूनं तर तिथंच पलटी खाल्ली. "मला काय ठावं? ह्यानं दाखवलं, म्या पाहिलं."

भिकन ओसरीत बसून होता. "म्या लबाड नाय, दगडे," एवढंच दोनतीनदा म्हणाला. जेवला नाही.

दगडाबाई माझ्याकडं आली. हसू कुठंच नव्हतं. "बाई, उद्या माझ्यासंगं चला."

"घरातच सांगून टाक ना त्याला."

"त्यायला सांगून काय व्हतंय? हे सायबाला सांगतील, बायकोनं भाजीच्या चाकूनं केस काढले. कोण खरं मानंल? हे सवतःबी मानायचे नाय."

ते मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी जालना रोडनं चालत कारखान्याच्या फाटकाशी पोचलो. पाळी बदलायची वेळ, निम्मी माणसं आत, निम्मी बाहेर. वॉचमननं विचारलं, "काय काम?"

"सायबाला भेटायचं."

"हातात काय हाये?"

दगडाबाईनं फडकं सोडलं. उन्हात पातं असं लखलखलं, की वॉचमन दोन पावलं मागं गेला आणि त्यानं शिट्टी फुंकली. साहेबांना बाहेर काढायला आम्हाला दुसरं काही करावंच लागलं नाही. मॅनेजर आले, जबाबासाठी पुन्हा बोलावलेले डॉक्टर आले, सांडू आला, आणि सगळ्यांच्या मागून भिकन आला. बायकोच्या हातात चाकू बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"सायेब," दगडाबाई म्हणाली, "ह्यांच्या हाताचे केस म्या काढले. ह्यायला काय बी माहीत नाय. झोपलेले असतेत."

"कशाला काढले?" मॅनेजरांनी विचारलं.

"धार बघाया."

मागून कुणीतरी खुसखुसलं.

"बाई, नवऱ्याला वाचवायला आलात, ते ठीक आहे," मॅनेजर म्हणाले. "पण भाजीच्या चाकूनं दाढी होत नसते."

"हात द्या मंग."

मॅनेजरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. दगडाबाईनं सांडूकडं पाहिलं. सांडू गर्दीत मिसळला. शेवटी डॉक्टरच पुढं आले. कोट काढला, शर्टाची बाही वर केली आणि म्हणाले, "बघू द्या. मलाही बघायचंय."

दगडाबाईनं त्यांचं मनगट धरलं, चाकू टेकवला आणि कोपराकडून मनगटाकडं एक सरळ पट्टा ओढला. कोरडाच. डॉक्टरांनी फुंकर मारली. केस उडाले, खाली गुळगुळीत कातडी, एक ओरखडा नाही. त्यांनी खिशातून भिंग काढलं, आधी स्वतःचा हात पाहिला, मग भिकनला बोलावून त्याचा पाहिला.

"तोच कट," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "बाई, माझ्या दवाखान्यातल्या कात्र्या लावून द्याल का?"

त्यावर जो हशा उठला, तो मुकुंदवाडीपर्यंत ऐकू गेला असेल. सांडू तेवढा हसला नाही. तो पुढं येऊन मॅनेजरांना गंभीरपणे म्हणाला, "ते ठीक. पण मंग माझ्या डोक्याचे कुणी काढले?"

जबाब रद्द झाला. मशीनं सुरू झाली. भिकनला मात्र खात्यात 'मेंढा' नाव पडलं. तो कामावर आला की कुणीतरी मशीनमागून बें करायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत विचारायचं, "भिकन, यंदा लोकर किती निघाली?"

घरी तो तीन दिवस बायकोशी बोलला नाही. चौथ्या दिवशी ताटावर बसला, आणि कांद्याची चकती उचलून उजेडाला धरली. तिच्यातून पलीकडचं दार दिसत होतं.

"झोपलेल्या माणसाला कातरती," तो म्हणाला. "मेंढरालाबी आपण जागं ठेवतो."

"चुकलं माझं."

"एकदाबी रगत नाय निघालं?"

"नाय."

"एकदाबी?"

"एकदाबी नाय. शपथ."

त्यानं भाकरी मोडली. बराच वेळ चावत राहिला. "म्या इतक्यांदा चाकू मोडले," तो शेवटी म्हणाला, "त्या दिशी तुझा भाऊ हसला, पण तू एकदाबी हसली नाय. सांग तरी, कशी लावली."

तेव्हा तिला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं. दात घासायची पावडर सांगितली. ती त्यानं ऐकून घेतली. मग पट्टा सांगितला. भिकन ताटावरून उठला, खुंटीवरचा पट्टा काढला, आतली बाजू उलटी केली, आणि काळा टाका बोटानं चाचपला. मला इकडं भिंतीपलीकडं श्वास धरून बसावं लागलं.

"हा पट्टा घालून म्या युनियनच्या सभेत भाषण केलं," तो म्हणाला. "हात वर करून."

"टाका पक्का हाये," दगडाबाई म्हणाली.

मग मात्र तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, आणि मग ठसका लागून. दोघं कितीतरी वेळ हसत होती.

तिनं त्याला शिकवायचा प्रयत्न मनापासून केला. जमलं नाही. भिकनचा हात जड. दगडावर असा दाबायचा, की जणू चाकूनं गुन्हा कबूल करावा. महिनाभरानं त्यानं सोडून दिलं आणि त्याऐवजी लोकांना सांगायला लागला, "आमच्या घरात धार पिढ्यानपिढ्या हाये. आता ही लावती."

काम वाढत गेलं. डॉक्टरांच्या कात्र्या आल्या, कारखान्याच्या कँटीनचे चाकू आले. गुलमंडीवरच्या एका शिंप्यानं मोठी कात्री पाठवली, तेव्हा दगडाबाईनं ती पंधरा दिवस ठेवून घेतली, कारण कात्रीला आतून धार लावतात की बाहेरून, हेच तिला माहीत नव्हतं. माझी जुनी कात्री तिनं त्यासाठी खलास केली. तरी शिकली. दुपारी ओसरीत बसायची, समोर दगड, बाजूला पाण्याचा तांब्या. बाया भाजी घेऊन यायच्या आणि तिथंच चिरत बसायच्या.

त्यातली एक गोष्ट सांगून थांबते, कारण मला दगडाबाई आठवली की तीच आठवते.

चिकलठाण्याचा पुंजाराम एक दिवस दुपारी कोयता घेऊन आला. शेती होती, धाकट्या भावाशी बांधावरून वाद चालू होता, हे सगळ्यांना ठाऊक. डोळे लाल. कोयता दगडाबाईपुढं टाकून म्हणाला, "लाव धार. अशी लाव, की एका घावात."

"काय कापायचं हाये?" तिनं विचारलं.

"ते माझं मी बघंन."

दगडाबाईनं कोयता उचलला, बोट फिरवलं, तोंड वाकडं केलं. "लोखंड लई कडक हाये दादा. पाण्यात ठिवावं लागंल. परवा या."

पुंजाराम गेला. मी घाबरून म्हटलं, "पाण्यात कोयता ठेवून धार लागते कधी?"

"गंज लागतो," ती म्हणाली, आणि कोयता बादलीत टाकला.

तो ठरल्या दिवशी आला. तिनं सांगितलं, अजून दोन दिवस. चारदा आला, चारदा परत गेला. दर खेपेला तिनं त्याला बसवलं, चहा पाजला, भावाची लेकरं किती, कितवीत शिकतात, आई कुणाकडं जेवते, असलं इकडचं तिकडचं विचारलं. पाचव्यांदा तो आला तेव्हा डोळे नेहमीसारखे होते. तिनं त्याला कोयता दिला. तो घेऊन गेला आणि आठ दिवसांनी तणतणत परत आला.

"दगडाबाई, ही काय धार? कडबाबी तुटत नाय ह्यानं! म्या आणला तव्हा बरा होता!"

"व्हय का?" ती म्हणाली. "काय तोडाया घेतला होता?"

"म्हटलं ना, कडबा. दोघांच्या बैलाला. भाऊ हसाया लागला मला."

तिनं कोयता त्याच्या हातातून घेतला, तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं, आणि पुंजारामला म्हणाली, "बसा. आता लावून देते. चहा घेता?"